छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट: आधी अवजार बघा, मग किलो

आजचा विषय तसा छोटा आहे, पण त्यात पैसे जातात आणि कधी कधी पायही जातो. म्हणून जरा सावकाश बोलू.

दापोडे म्हटलं की बाहेरच्या माणसाला गोदामंच आठवतात. माणकोली नाक्यावरून आत वळलं की दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, सगळीकडे पत्र्याच्या शेडा आणि कंटेनरच्या रांगा. पण दोन गोदामांच्या मधे अजून भाताची खाचरं शिल्लक आहेत. कुणाची पाच गुंठे, कुणाची दहा, कुणाची अर्धा एकर. बैल गेले. पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा मोठा ट्रॅक्टर भिंतीच्या फटीतून आत येत नाही, आला तर वळत नाही, आणि वळला तर बांध मोडून जातो. मग माणूस दहा ते वीस हॉर्सपॉवरच्या छोट्या ट्रॅक्टरकडे वळतो. आणि तिथे आम्हाला ठरलेला प्रश्न येतो: “याची लिफ्ट किती किलोची?”

आम्ही म्हणतो, हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न वेगळा आहे. तो कोणता, ते आज बघू.

एक घडलेली गोष्ट

आमच्यातल्याच एकाने जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. मागे रोटाव्हेटर जोडला. अंगणात उभं राहून लिफ्ट वर केली, रोटाव्हेटर झटक्यात वर आला. सगळे खूष. मग खाचरात जायला बांधावर चढवला, आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचलली गेली. नशीब, त्याचा हात लिफ्टच्या दांड्यावर होता. त्याने अवजार खाली सोडलं, ते जमिनीला टेकलं, ट्रॅक्टर सावरला.

आता सांगा, चूक कुणाची? लिफ्ट नापास झाली नव्हती. लिफ्टने वजन बरोबर उचललं. नापास झाला तो ट्रॅक्टर. म्हणजे लिफ्टची ताकद आणि ट्रॅक्टरची झेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेता पहिली सांगतो, दुसरी आपल्याला मोजावी लागते.

ही भीती नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी नांगर ट्रॅक्टरमागे साखळीने ओढत. नांगर दगडात अडकला की चाकं फिरत राहायची, ट्रॅक्टरचं नाक वर उठायचं आणि तो चालकावर उलटायचा. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं. १९२६ मध्ये त्यांनी हायड्रोलिकने अवजार सांभाळण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. १९३९ साली फोर्डबरोबर काढलेल्या ट्रॅक्टरमुळे ती पद्धत जगभर गेली. खाली दोन दांडे, वर एक, म्हणजे तीन बिंदूंची जोडणी. आपल्याकडे ‘मॅसी’ म्हणतात त्या ट्रॅक्टरच्या नावात हेच फर्ग्युसन आहेत. वरच्या दांड्याला, म्हणजे टॉप लिंकला, नांगर चालू असताना पुढे दाब बसतो, आणि तोच दाब ट्रॅक्टरचं नाक खाली धरतो. पण हे अवजार मातीत असताना. अवजार हवेत उचललं की मामला उलटा होतो.

लिफ्टची कामं तीन

लिफ्ट म्हणजे उचलणं, असं आपल्याला वाटतं. खरं तर तिला तीन कामं असतात. एक, उचलणं. दोन, उचललेलं धरून ठेवणं. आणि तीन, सोडणं. सोडणं म्हणजे अवजाराला जमिनीच्या उंचसखलाप्रमाणे वरखाली होऊ देणं. फळी मारताना, चिखलणी करताना हे तिसरं काम सर्वात महत्त्वाचं. फळी जर घट्ट धरलेली असेल, तर ट्रॅक्टरचं मागचं चाक खड्ड्यात गेलं की फळीपण खड्ड्यात जाते, चाक उंचावर चढलं की फळी हवेत. खाचर सपाट होण्याऐवजी लाटा तयार होतात. लावणीच्या वेळी एकीकडे पाणी आणि एकीकडे कोरडं.

म्हणून पहिला प्रश्न हा: माझं अवजार कोणतं, आणि त्याला तिघांपैकी कोणतं काम हवं? हे ठरलं की लिफ्टचा प्रकार जवळपास आपोआप ठरतो. प्रकार मुख्यतः तीन: हाताचा दांडा, विजेवरचा दांडा, आणि हायड्रोलिक.

हाताचा दांडा

सर्वात स्वस्त. बिघडायला काही नाही. पण हिशेब बघा. बसल्या जागेवरून माणूस वारंवार साधारण पंचवीस किलोचा जोर लावू शकतो. दांड्याची तरफ चौपट केली तर शंभर किलो उचलता येईल. पण फुकट काही मिळत नाही. अवजार २५ सेंटिमीटर वर न्यायचं असेल, तर हात चौपट, म्हणजे १०० सेंटिमीटर, फिरला पाहिजे. सीटवर बसून हात याहून जास्त फिरत नाही. घर्षणाचा वाटा काढला तर ८० किलोच्या आसपास मर्यादा येते.

मग लोक मदतीला स्प्रिंग लावतात. चांगली युक्ती आहे, पण एक गोम आहे. स्प्रिंग अवजाराचं अर्धं वजन उचलून धरत असेल, तर काम करतानाही ती धरूनच ठेवते. मग रिजर मातीत शिरतच नाही, वरून घासत जातो. उचलायला सोपं आणि रुतायला अवघड. वाडीत हलकी फळी ओढायची, भाजीच्या वाफ्यात छोटा रिजर चालवायचा, तर हाताचा दांडा पुरे. आणि अवजार खाली सोडलं की दांडा मोकळा, म्हणजे तिसरं काम तो उत्तम करतो.

विजेवरचा दांडा

आत मोटर, तिला आटे असलेला लांब स्क्रू, आणि तो फिरला की दांडा बाहेर. याला लिनियर ॲक्च्युएटर म्हणतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. जुन्या बागेच्या ट्रॅक्टरला हायड्रोलिक नसेल तर लोक हाच बसवतात.

समजा दांड्याची ताकद १५० किलो आणि तो २० सेंटिमीटर बाहेर येतो. अवजार ३० सेंटिमीटर उचलायचं आहे. मग हातात उरतात १५० गुणिले २० भागिले ३०, म्हणजे १०० किलो. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर धरला तर वर जायला २० सेकंद, खाली यायला २० सेकंद.

आता हे दहा गुंठ्यांत नेऊ. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. २० मीटर रुंद, ५० मीटर लांब असं खाचर धरा. एक मीटर रुंदीचं अवजार असेल तर वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या टोकाला एकदा वर, एकदा खाली, म्हणजे ४० सेकंद. वीस फेऱ्यांचे ८०० सेकंद, तेरा मिनिटांहून जास्त, नुसतं उचलण्यासोडण्यात. ते एक वेळ सोसू. पण अशा बऱ्याच दांड्यांच्या मोटरला चार वेळा काम तर एक वेळच चालायची मुभा असते, म्हणजे २५ टक्के. ताशी दोन किलोमीटरने ५० मीटर जायला दीड मिनिट लागतं. नव्वद सेकंद विश्रांती आणि चाळीस सेकंद काम, हे झालं तीस टक्क्यांच्या वर. मोटर तापणार. खाचर याहून आखूड असेल तर आणखी तापणार. छोट्या खाचराला छोटी मोटर चालेल, असं वाटतं ना? उलट आहे. खाचर जितकं आखूड, तितकी लिफ्टला मेहनत जास्त.

दुसरी गोष्ट. स्क्रू उलट्या जोराने फिरत नाही. म्हणून तो धरून ठेवायचं काम छान करतो, वीज गेली तरी अवजार पडत नाही. पण सोडायचं काम त्याला येत नाही. अवजार घट्ट धरलेलं राहतं. यावर उपाय साधा: दांडा आणि अवजार यांच्यात कडक जोडणीऐवजी साखळी लावा, किंवा पिनेसाठी गोल भोकाऐवजी लांबट खाच करा. साखळीने ओढता येतं, ढकलता येत नाही, त्यामुळे अवजार जमिनीवर मोकळं राहतं. आणि मोटरला चिखलाचं पाणी लागू देऊ नका. औषधाची टाकी, गवताचं यंत्र, ज्यांना एका उंचीवर धरून ठेवायचं आहे, त्यांच्यासाठी हा दांडा योग्य. चिखलणीसाठी नाही.

हायड्रोलिक

हे समजायला दापोड्यात पुस्तक लागत नाही. गोदामात हँड पॅलेट ट्रक बघितलाय ना? एक माणूस दांडा वरखाली करतो आणि दोन टनांचा माल जमिनीवरून उचलला जातो. लहान पिस्टनने तेल दाबायचं, मोठ्या पिस्टनला ताकद मिळते. आणि खाली आणायचं असेल तर? नुसता खटका दाबायचा, माल आपल्या वजनाने खाली येतो. ट्रॅक्टरची लिफ्ट हेच करते, फक्त हाताच्या जागी पंप असतो.

हिशेब करू. सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर. तेलाचा दाब १०० बार. ताकद झाली सुमारे दोन हजार किलो. पण पिस्टन २० सेंटिमीटर सरकतो तेव्हा अवजार ५० सेंटिमीटर उचललं जातं. म्हणून दांड्याच्या टोकाला मिळतात ८०० किलो. मिनी ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात ७५०, ७८० असे आकडे दिसतात, ते या हिशेबाच्या जवळचेच आहेत. तेल लागतं जेमतेम ४०० मिलिलिटर. पंप मिनिटाला पाच लिटर देत असेल तर पाच सेकंदांच्या आत काम. आणि इंजिनची किती ताकद खाल्ली? एक हॉर्सपॉवरपेक्षा थोडी जास्त, तीही तेवढ्या पाच सेकंदांपुरती.

आता खालची बाजू. तेल एकाच बाजूने ढकलणारा सिलिंडर असेल तर अवजार स्वतःच्या वजनाने खाली येतं आणि जमिनीवर मोकळं राहतं. ट्रॅक्टरच्या मूळ लिफ्टमध्ये हेच असतं. पण वेगळा किट बसवताना दोन्ही बाजूंनी ढकलणारा सिलिंडर लावला, तर व्हॉल्व्हमध्ये ‘मोकळं सोडा’ अशी वेगळी जागा आहे का, हे विचारा. नसेल तर अवजार तिथेच कुलूपबंद. पैसे हायड्रोलिकचे आणि काम विजेच्या दांड्याचं.

लिफ्टला दोन प्रकारचे कंट्रोल असतात. पोझिशन कंट्रोल म्हणजे दांडा जिथे ठेवाल त्या उंचीला अवजार थांबेल. ड्राफ्ट कंट्रोल म्हणजे मातीची ओढ वाढली की लिफ्ट आपोआप अवजार थोडं वर घेईल. नांगरटीला ड्राफ्ट कामाचा. चिखलणीला रोटाव्हेटर पोझिशनवर चालवायचा, कारण चिखलात ओढ अशी स्थिर लागतच नाही. आपल्या खाचरांसाठी पोझिशन कंट्रोल नसलेली लिफ्ट घेऊ नका, नुसतं ‘वर’ आणि ‘खाली’ पुरत नाही.

किलो कुठे मोजले?

आता त्या ७५० किलोंकडे येऊ. हे वजन खालच्या दोन दांड्यांच्या टोकाला मोजलेलं असतं. पण अवजाराचं वजन टोकावर नसतं, ते मागे पसरलेलं असतं. म्हणून दुसरी मोजणी टोकापासून ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट, मागे करतात. तो आकडा सहसा कमी येतो. किती कमी, ते टॉप लिंकच्या ठेवणीवर अवलंबून. टॉप लिंक खालच्या दांड्यांना समांतर असेल तर अवजार सरळ वर जातं. ती तिरकी असेल तर अवजाराचं शेपूट जास्त उचललं जातं आणि लिफ्टला ओझं जास्त वाटतं.

मध्य प्रदेशात बुधनी इथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात या दोन्ही मोजण्या असतात. विक्रेत्याकडे अहवाल मागा. “दोन फूट मागे किती?” एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक तयारीनं आलंय.

नाकावर किती उरलं?

आता बांधावरच्या त्या गोष्टीचा हिशेब. ट्रॅक्टर ८०० किलोचा, पुढच्या चाकांवर त्यातले ३२०. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर. रोटाव्हेटर २०० किलो, आणि त्याच्या वजनाचा मध्य मागच्या धुऱ्यापासून ९० सेंटिमीटर मागे. उचलला की पुढचं वजन कमी होतं २०० गुणिले ९० भागिले १५०, म्हणजे १२० किलोंनी. उरले २००.

ठोकताळा असा, की ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा. ८०० चा पाचवा हिस्सा १६०. म्हणजे आपण पास, पण सपाट जमिनीवर. आता ३०० किलोचं अवजार, मध्य ११० सेंटिमीटर मागे. कमी झाले २२०. पुढे उरले फक्त १००. स्टिअरिंग फिरवाल, चाकं वळतील, ट्रॅक्टर सरळच जाईल. आणि बांध चढताना उरलेलंही मागे जाईल. लिफ्ट मात्र ७५० किलोची आहे बरं का! तिला काहीच त्रास नाही.

उपाय दोन. एक, अवजार जितकं जवळ जोडता येईल तितकं जवळ, आणि हलकं. दोन, पुढे वजन. पुढच्या धुऱ्यापासून ६० सेंटिमीटर पुढे ६० किलो टांगलं, तर पुढच्या चाकांना ८४ किलोंचा फायदा होतो. आणि बांधावर चढताना अवजार जमिनीपासून जेमतेम वर ठेवा, आकाशात नको. शक्य असेल तर बांधाला मातीचा उतार करून घ्या, तो सर्वात स्वस्त इलाज.

घेण्याआधी

पिना मोजा. लहान जोडणीच्या पिना १६ मिलिमीटरच्या. त्यावरच्या जोडणीत, म्हणजे कॅटेगरी १ मध्ये, खाली २२ आणि वर १९. मोठ्या भोकात बारीक पीन घालून चालवली की भोक लांबट होतं आणि एक दिवस पीन तुटते. दोन दांड्यांमधली रुंदीही मोजा, छोट्या ट्रॅक्टरची बऱ्याचदा अरुंद असते.

जुना ट्रॅक्टर असेल तर आपलं अवजार नेऊन जोडा. लिफ्ट वर करा, इंजिन बंद करा, जमिनीपासूनची उंची पट्टीने मोजा. पाच मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. भरभर खाली येत असेल तर आतले सील किंवा व्हॉल्व्ह गेलेत, त्याची किंमत भावातून कमी करा. मग तेल गरम झाल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्या. थंड तेल बरंच झाकून ठेवतं.

बचत गटांसाठीही एक शब्द. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या स्वयंसहाय्यता बचत गटांना राज्याच्या सामाजिक न्याय विभागाकडून ९ ते १८ हॉर्सपॉवरचा मिनी ट्रॅक्टर आणि त्याची उपसाधनं अनुदानावर देण्याची योजना आहे. ट्रॅक्टर आणि अवजार एकत्र ठरवायची ही संधी असते. तिथेही ट्रॅक्टर आधी आणि अवजार मागाहून, असं करू नका.

शेवटी आलेले दोन प्रश्न

एका ताईंनी विचारलं, “आमची सात गुंठे भात आणि मागे थोडा वाल. हायड्रोलिकचा खर्च परवडेल का?” ताई, भातासाठी विकतच घ्यायचा असेल तर पोझिशन कंट्रोलची हायड्रोलिकच घ्या. पण सात गुंठ्यांसाठी विकत घ्यायलाच हवा असं नाही. शेजारची चार घरं मिळून एक घ्या, नाहीतर चिखलणी भाड्याने करून घ्या. चुकीची स्वस्त लिफ्ट घेण्यापेक्षा ते बरं.

मागून एका काकांनी विचारलं, “उचललेल्या रोटाव्हेटरखाली अडकलेलं गवत काढायला इंजिन बंद केलं की झालं ना?” नाही काका. इंजिन बंद म्हणजे तेल थांबलं, वजन थांबलं नाही. वर टांगलेलं दोनशे किलोचं अवजार एका रबरी सीलच्या भरवशावर उभं असतं. आधी पीटीओ बंद, मग अवजार जमिनीवर, मग इंजिन बंद, मग किल्ली खिशात. आणि खाली हात घालायचाच असेल, तर अवजाराखाली लाकडी ओंडका ठेवून मगच. घरातल्या पोरांनाही हा क्रम पाठ करून घ्या, कारण सुट्टीच्या दिवशी ट्रॅक्टर तेच चालवतात.

घरी गेल्यावर एक काम करा. अवजाराचं वजन आणि धुऱ्यापासून त्याचं अंतर कागदावर लिहा, पुढच्या चाकांवर किती उरतं ते मांडा. तो कागद खिशात घेऊनच दुकानात जा.